दिवसाच्या नियोजनाचे इंग्रजी शब्द वाचताना कळतात, बोलताना सुचत नाहीत: माझा अनुभव

लक्षण असं: शेड्यूल, डेडलाइन, प्रायॉरिटी हे सगळे शब्द ओळखीचे, पण ‘आज काय काय करणार?’ असं कुणी इंग्रजीत विचारलं की गाडी ‘आय विल डू’वरच अडायची.

शब्दांच्या याद्या पाठ केल्या, अ‍ॅपवरची कार्डं उलटली. चाचणीत गुण मिळायचे, तोंडात वाक्य येत नव्हतं. फार चिडचिड व्हायची.

उपयोग झाला तो याच क्रमाने. आधी सुटे शब्द सोडले आणि क्रियापदासकट जोड्या घेतल्या: मीट अ डेडलाइन (मुदतीत काम पुरं करणं), सेट अ रिमाइंडर (आठवण लावणं), रन आउट ऑफ टाइम (वेळ संपणं), फॉल बिहाइंड (मागे पडणं). मग रात्री उद्याची खरी कामं याच जोड्यांत लिहिली. सकाळी ती ‘आय अ‍ॅम गोइंग टू’ लावून मोठ्याने म्हटली. संध्याकाळी तीच यादी भूतकाळात: ‘आय मेट द डेडलाइन’ किंवा ‘आय पुट इट ऑफ’ (मी ते पुढे ढकललं). राहिलेलं काम दुसऱ्या दिवशीच्या यादीत गेलं की जोडीची उजळणी आपोआप होते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच दाखवलं होतं की एका बैठकीत घोकण्यापेक्षा अंतराने केलेली उजळणी जास्त टिकते.

‘पर्यंत’पाशी मात्र थांबाच. शुक्रवारपर्यंत काम संपवायचं असेल तर ‘बाय फ्रायडे’. शुक्रवारपर्यंत ते चालूच राहणार असेल तर ‘अंटिल फ्रायडे’. यातली चूक समोरच्याला वेगळीच मुदत सांगते, म्हणून या दोन्हींची वाक्यं मी रोजच्या यादीत मुद्दाम घालते.