करडू म्हणजे छोटं वासरू नव्हे: शिंगं जाळताना या चुका टाळा

बंदिस्त शेळीपालन नव्यानं सुरू केलेल्या माणसाचा फोन ठरलेला असतो. शेळीचं डोकं गव्हाणीच्या जाळीत अडकलेलं असतं, नाहीतर एकीनं दुसरीच्या कासेत शिंग घातलेलं असतं. मग तो विचारतो, "काकू, पुढच्या वेताच्या करडांची शिंगंच जाळून टाकली तर?" म्हणजे शिंगाच्या कोंबाला, कळीला, लहानपणीच तापलेल्या यंत्राचा डाग द्यायचा, की शिंग वाढतच नाही. विचारण्यात काही गैर नाही. दुधासाठी सानेन या विदेशी दुधाळ जातीच्या संकरित शेळ्या दाटीनं बांधणाऱ्याला त्याची गरज पडू शकते. पण यानंतर जे घडतं ते मी इतक्या वेळा पाहिलंय की आता एकदाच लिहून टाकते.

गरज नसताना जाळणं

चरायला जाणाऱ्या शेळ्यांची शिंगं जाळायचं काही कारण नाही. शिंगात रक्त खेळतं आणि उन्हाळ्यात अंगातली उष्णता बाहेर टाकायला ते कामी येतं. माण-खटावच्या चैत्रात ही बारीकशी गोष्ट राहत नाही. उस्मानाबादी माद्यांमध्ये मुळातच बिनशिंगी बऱ्याच निघतात. त्यामुळे आधी करडाच्या डोक्यावर बोट फिरवून बघा. जिथे शिंग येणार तिथे केसांचा भोवरा असतो आणि खालची कातडी हलत नाही. भोवरा मधोमध एकच असेल आणि उंचवट्यावरची कातडी सरकत असेल, तर ते करडू बिनशिंगी आहे. असल्या करडाला डाग दिलेला मी पाहिलाय. हौस!

बोकडांचं तर हसावं की रडावं कळत नाही. शेजारच्या तालुक्यातल्या एकानं झाडून सगळी करडं जाळून घेतली, नरांसकट. वर्षभर चारा-खुराक घालून बोकड तयार केले आणि बकरी ईदच्या आधी बाजारात उभे केले. गिऱ्हाईक येई, दात बघे, पाठीवर हात फिरवी, डोक्याकडे बघे आणि पुढे जाई. कुर्बानीचं जनावर धडधाकट लागतं, शिंग मुळातून गेलेलं लोक घेत नाहीत. जन्मतः बिनशिंगी असलेलं चालतं, पण डोक्यावर जाळल्याचे वण दिसत असताना ते कुणाला पटवणार? खंडोबाच्या नाहीतर गावदेवीच्या नवसाला बोकड नेणाराही अव्यंगच मागतो. शेवटी त्यानं ते खाटकाला किलोवर घातले. माझ्याकडे विक्रीच्या नरांना मी हात लावू देत नाही. घरात ठेवायच्या माद्या तेवढ्या करून घेते.

वासराचं यंत्र, वासराचा वेळ

माझा खरा राग आहे तो या चुकीवर.

पुण्यातली नोकरी सोडून आलेला एक मुलगा. चांगला शिकलेला, शेड देखणी, नोंदवह्या नीट. गोठेवाल्या मित्राकडून वासरांचा विजेवरचा डिहॉर्नर, म्हणजे डाग द्यायचं यंत्र, आणला आणि मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. त्याच दुपारी पाच करडं उरकली. मला फोन आला तो तिसऱ्या दिवशी. "काकू, दोन करडं दूध पीत नाहीत, एक भिंतीला डोकं लावून उभंय."

मी गेले तेव्हा तिसऱ्यालाही झटके यायला लागले होते. पहिल्या दिवशी ती उड्या मारत होती, म्हणून हा निर्धास्त होता. भाजल्याचा परिणाम आत मेंदूवर होतो, आणि तो कळायला कधीकधी दोन-तीन दिवस जातात. करडू सुस्त होतं, मान वाकडी करतं, आंधळ्यासारखं गोल फिरतं. मेलेल्या एका करडाची कवटी डॉक्टरांनी उघडून दाखवली. डागाच्या बरोबर खाली मेंदू काळानिळा होऊन मऊ पडला होता. तीन गेली, दोन वाचली.

"पण व्हिडिओत वीस सेकंद धरलं होतं."

"तो वासराचा व्हिडिओ आहे रे बाबा."

करडाची कवटी वासरापेक्षा कितीतरी पातळ असते, पापडासारखी. वरून कळीचा घेर मात्र डोक्याच्या मानानं मोठा असतो. त्यामुळे चूक करायला जागाच नसते. एका वेळी चार-पाच सेकंद, यंत्र हलकेच गोल फिरवत. मग उचलायचं आणि बघायचं. कळीभोवती तांब्याच्या रंगाचं सलग कडं उमटलं की झालं. नसेल उमटलं तर दुसऱ्या बाजूची कळी घ्यायची, तोवर ही थंड होते. मग परत यायचं. जोर देऊन दाबायचं नाही.

या प्रकरणात आणखी एक भानगड होती, जी कुठल्याच व्हिडिओत नसते. शेतावरची लाइन. दुपारी मोटारी चालू, व्होल्टेज पडलेलं, यंत्र कोमटच. कडं उमटेना म्हणून त्यानं ते तसंच धरून ठेवलं. थंड यंत्र जास्त वेळ धरणं हे तापलेलं यंत्र क्षणभर टेकवण्यापेक्षा वाईट, कारण ती धग हळूहळू आत झिरपते. आमच्याकडे आधी सुक्या फळीवर टेकवून बघतात. लगेच धूर निघून काळं कडं उमटलं तरच करडाला हात लावायचा. नाहीतर तो दिवस सोडायचा, करडं काही पळून जात नाहीत. टोक दोन-अडीच सेंटिमीटर व्यासाचं हवं. त्याहून रुंद असेल तर ते वासराचं, परत द्या.

"महिन्याचं होऊ दे" म्हणणं

चौथ्या ते दहाव्या दिवसापर्यंतच करून घ्या. नरांची कळी आणखी लवकर वर येते. तीन आठवडे उलटले की ते डाग देण्याचं काम राहत नाही, शस्त्रक्रिया होते. मोठ्या शेळीच्या शिंगाची पोकळी कपाळातल्या पोकळीशी जोडलेली असते. म्हणजे शिंग बुडातून कापलंत तर डोक्यात भोक पडतं. करवत घेऊन निघालेल्यांनी एवढं वाचून करवत खाली ठेवावी.

कॉस्टिक, बिब्बा वगैरे

नको. कातडी जाळणारी कॉस्टिकची पेस्ट करडू घासतं, ती डोळ्यात जाते, आईच्या कासेला लागते, दुसरं करडू चाटतं. "स्वस्तात होतं" म्हणणाऱ्याला डोळा गेलेल्या करडाची किंमत विचारा.

माणूस शोधायला उशीर

शेळी पाच महिने गाभण असते. या पाच महिन्यांत माणूस शोधायचा असतो. करडं आठ दिवसांची झाल्यावर फोन फिरवत बसणारे शेवटी गरम कोयत्यावर येतात.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वासरांची शिंगं भरपूर जाळलेली असतात. करडाचं एकही केलेलं नसेल, आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण आपल्याकडे ते कुणी करून घेतच नाही. म्हणून मी थेट विचारते. करडू किती दिवसांचं हवं? उत्तर "महिनाभराचं" आलं, तर डोळ्यांसमोर वासरू आहे. बधिर करायला किती ठिकाणी सुई? वासराला दर शिंगामागे मुख्य नस (मज्जातंतू) एक, शेळीला दोन. म्हणजे दोन्ही बाजू मिळून चार ठिकाणी. आणि औषध किती? दोन टक्क्यांच्या लिग्नोकेनच्या १ मिलीत २० मिलिग्रॅम औषध असतं. ३ किलोच्या करडाला सगळ्या सुया मिळून पाऊण मिलीच्या वर मी देऊ देत नाही, तेही पातळ करून. वासराच्या हिशोबानं टोचलं तर करडू डागाआधीच झटके देऊन जातं. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. माझे सध्याचे डॉक्टर तर म्हणाले, "मी आधी वाचून येतो, मग करू." त्यांनाच मी कायमचं धरलं.

आसपास कुणी मिळालं नाही तर शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर, परळ, जे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ असेल तिथे विचारा. पुण्यात गोखलेनगरला शेळी-मेंढी विकास महामंडळ आहे, तिथल्या प्रशिक्षणात ओळखी होतात. दुधाच्या शेळ्या पाळणारा जुना माणूस सापडला तर त्याच्या शेडवर जाऊन, त्याच्या करडांवर, त्याचा हात बघा. बघण्याआधी स्वतःचा हात घालू नका. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना पहिल्या खेपेला मी नुसतं करडू धरायला देते. अर्धे पुन्हा येत नाहीत. बरंच होतं.

भुलीचं औषध आणि दुखणं थांबवणारं मेलॉक्सिकॅम डॉक्टरांनीच द्यायचं. मेडिकलमधून झायलाझिन हे गुंगीचं औषध आणून स्वतः टोचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, शेळीला ते फार थोडं पुरतं. थेंबभर जास्त झालं की करडू गार पडतं. शिवाय १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानं गुरांची शिंगं काढायला दिलेली मुभासुद्धा ठरवून दिलेल्या पद्धतीपुरतीच आहे. आणि काही बिघडलंच तर १९६२ वर फोन करा, फिरता दवाखाना येतो. तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

बारीकसारीक

केस न कापता डाग देणं: केस जळतात, धुरात काही दिसत नाही आणि वेळ वाढतो.

धनुर्वात विसरणं: आंत्रविषार या आतड्याच्या रोगाची लस दिली म्हणजे धनुर्वाताचीही झाली, असं नाही. आईला व्यायच्या महिना-दीड महिना आधी टोचली असेल तर चिकातून करडाला संरक्षण मिळतं. नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

पावसाळ्यात करून वर पट्टी बांधणं: आत आसड्या (अळ्या) पडतात. जखम उघडी आणि कोरडी ठेवा, माशी बसू न देणारा स्प्रे मारा.

झाल्यावर कोंडून ठेवणं: आमच्याकडे करडू गोणपाटात गुंडाळून मांडीवर धरतात आणि झालं की लगेच आईखाली सोडतात. लुचायला लागलं की मी पुढचं घेते.

"त्यापेक्षा बिनशिंगी पैदासच करू" ही अक्कल: बिनशिंगी बोकड बिनशिंगी शेळीला दाखवला की काही माद्या नर-मादीच्या अधेमधेच जन्मतात आणि गाभण राहत नाहीत. जोडीतलं एक शिंगांचं ठेवा.

फुटवे: सगळं नीट करूनही कधीकधी डागाच्या कडेनं वेडंवाकडं शिंग फुटतं. पैदाशीसाठी ठेवलेल्या बोकडात जास्त, कारण त्याची कळी लांबट असते आणि गोल डागातून तिची पुढची कड सुटते. फुटवा हलता असेल तर तसाच राहू द्या. टकरीत तो आपोआप तुटतो, थोडं रक्त येतं, हळद नाहीतर मलम लावलं की भागतं. वळून कातडीत किंवा डोळ्याकडे निघाला असेल तर मात्र डॉक्टरांना बोलावून तारेच्या करवतीनं नुसतं टोक कापून घ्या. पुन्हा यंत्र तापवू नका.