हिटर न घेता कोल्हापूरची थंडी कशी काढायची

आमच्याकडं थंडीची तयारी खरं तर दसरा काढताना सुरू होते. दसरा काढणं म्हणजे नवरात्राच्या आधी घरातलं अंथरूण-पांघरूण झाडून सगळं बाहेर काढायचं, वाकळा, चादरी, सतरंज्या, गाठोड्यातली जुनी लुगडीसुद्धा, आणि नदीवर नाहीतर तळ्यावर नेऊन आपटायची. आता निम्मे लोक गच्चीवर टबात नाहीतर मशीनमध्ये धुतात, पण काम तेच. तर वाकळ उन्हात टाकतानाच बघून घ्या कुठं उसवलीय, कुठं आतल्या चिंध्या एका कोपऱ्यात गोळा झाल्यात, आणि तिथंच चार टाके घाला. डिसेंबरात पहाटे चारला पायाचा अंगठा भोकातून बाहेर आला की सुईदोरा शोधायला कोण उठणार?

आता मूळ मुद्दा. आपली थंडी महाबळेश्वरची नाही आणि दिल्लीची तर नाहीच. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा साधारण 14-15 वर असतो, कडाका आला की 10-12 पर्यंत उतरतो, आणि त्याच दिवशी दुपारी 28-30 असतो, म्हणजे दुपारी फॅन आणि रात्री दोन चादरी असला कारभार. पाऊस संपला की आभाळ मोकळं होतं, हवा कोरडी होते आणि दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी उष्णता आभाळाकडं सोडून देते, म्हणून सूर्य उगवायच्या आसपास सगळ्यात जास्त गारठा. पंचगंगेच्या काठाला आणि उसाला पाणी पाजलेल्या रानाजवळ राहणाऱ्यांना तर हे सांगायलाच नको. म्हणजे आपल्याला चोवीस तास घर तापवायचं नाहीय, दुपारचं फुकटचं ऊन घरात घ्यायचं आणि सकाळी आठपर्यंत ते धरून ठेवायचं, एवढंच काम आहे. हिटर वगैरे नंतर बघू.

पहिलं काम, ओल घालवा

आपल्याकडं पाऊस चार महिने भिंती भिजवतो, जुन्या दगड-मातीच्या घरात तर भिंतीला हात लावला की कळतंच. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त गार पडते आणि खोली तापूच देत नाही. त्यामुळं ऑक्टोबर हिटचा जो काय वैताग असतो त्याचा फायदा घ्या, दुपारी खिडक्या-दारं सताड उघडी टाका, कपाटं-ट्रंका भिंतीपासून वीतभर पुढं ओढा, कौलं सरकली असतील तर बसवून घ्या. भिंतीतून पाणी कुठून येतंय ते शोधून तिथं सिमेंट मारून घ्या, नुसता वरून रंग मारू नका, रंग दोन महिन्यात फुगतो.

दुसरं, उदबत्ती घेऊन घरभर फिरा

ही गोष्ट करायला दहा मिनिटं लागतात आणि एक रुपया जात नाही. थोडं वारं असेल अशा संध्याकाळी फॅन बंद करा, उदबत्ती पेटवा आणि खिडकीच्या चौकटीजवळ, दाराखाली, एक्झॉस्टच्या भोकाजवळ, केबलची वायर जिथून आत येते तिथं सावकाश धरा. धूर सरळ वर गेला तर ठीक, आडवा पळाला किंवा थरथरला तर तिथं फट आहे, खडूनं खूण करा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा मला वाटलेलं खिडकीतनं वारं येत असेल, पण निघालं भलतंच, जुन्या कूलरसाठी काचेत पाडलेलं भोक होतं ज्याच्यापुढं आम्ही कॅलेंडर लावलं होतं, कॅलेंडरची पानं रात्रभर फडफडायची आणि घरातले म्हणायचे पाल आहे.

फटी बुजवायला हार्डवेअरच्या दुकानात चिकट फोमची पट्टी मिळते, शे-दीडशे रुपयांत दोन-तीन खिडक्या होतात. स्लायडिंगच्या खिडकीला दोन काचा जिथं एकमेकीवर येतात तिथं उभी लावा, लोक फक्त खाली लावतात आणि म्हणतात फरक पडला नाही. लावायच्या आधी चौकट ओल्या फडक्यानं पुसून कोरडी करा नाहीतर आठवड्यात लोंबते. दाराखालच्या फटीला जुन्या पँटचा एक पाय कापा, एक तोंड शिवा, आत वाळू नाहीतर भाताचा तूस भरा, दुसरं तोंड शिवा, झालं लोळणं तयार. आमच्या मांजरानं ते स्वतःसाठी केलंय असं समजून घेतलं, तो भाग वेगळा.

एक चूक मात्र करू नका, मी केलीय. एका वर्षी उत्साहात सगळ्या खिडक्यांना प्लास्टिकचा कागद डकवला, एकही भोक ठेवलं नाही, एकदम हवाबंद. पंधरा दिवसांत भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी, सकाळी काचेवरून पाण्याचे ओघळ आणि कपाटातल्या कपड्यांना कुबट वास. चार माणसं रात्रभर श्वास सोडतात, वर स्वयंपाकाची वाफ, ती जाणार कुठं? म्हणून खालच्या फटी बुजवा पण वर एखादी झडप नाहीतर बोटभर खिडकी मोकळी ठेवा. स्वयंपाकघरातली गॅससाठी ठेवलेली जाळी तर कधीच बुजवू नका.

तिसरं, उन्हाचं टाइमटेबल

सकाळी नऊ-दहाच्या सुमारास ऊन चढलं की पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या खिडक्यांचे पडदे पूर्ण बाजूला, खिडक्या उघड्या. दुपारी पश्चिमेच्या. आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला, गार वाटायला लागायच्या आधी, सगळं बंद करून पडदे ओढून घ्यायचे. लोकांची गडबड इथंच होते, अंगावर काटा आल्यावर खिडकी बंद करतात, तोवर घरातली ऊब गेलेली असते. आमच्याकडं रंकाळ्यावर फिरायला जायच्या आधी खिडक्या लावायच्या असा नियमच केलाय, जो शेवटी बाहेर पडंल त्याची ड्युटी.

पडद्याला नवं कापड घ्यायची गरज नाही, जुनी सोलापुरी चादर दुमडून टाका, फक्त ती खिडकीच्या खाली वीतभर यायला पाहिजे आणि बाजूनं भिंतीला टेकली पाहिजे.

चौथं, फरशी आणि पत्रा

शहाबादी फरशी असो की टाइल्स, डिसेंबरात पाय टेकवला की मेंदूपर्यंत कळ जाते. बेडजवळ, स्वयंपाकाच्या ओट्यापुढं आणि देवापुढं, म्हणजे जिथं माणूस उभा राहतो नाहीतर बसतो तिथं पोतं नाहीतर सतरंजी टाका, सगळं घर झाकायची गरज नाही. पायात मोजे घाला राव, त्यात कसली लाज.

पत्र्याच्या खोलीचा विषय मोठा आहे. पत्रा दुपारी तवा आणि रात्री बर्फ. वर मोकळं आभाळ असतं त्यामुळं तो हवेपेक्षाही गार पडतो आणि आतल्या बाजूनं पहाटे पाण्याचे थेंब टपकतात, लोक म्हणतात पत्रा गळतोय, गळत नसतो, तुमच्याच श्वासाची वाफ असते ती. उपाय एकच, पत्र्याच्या खाली चार-सहा इंच अंतर सोडून दुसरं छत ताणायचं, मधली थांबलेली हवाच काम करते. थर्माकोलच्या शीट लावतात काहीजण पण ते पटकन पेटतं, माझं तरी मन होत नाही. स्वस्तातला माल म्हणजे जुना डिजिटल फ्लेक्स. कोल्हापुरात त्याला काय तोटा, चौकाचौकात वाढदिवसाचे बोर्ड, वाढदिवस झाला की तेच ताडपत्री म्हणून विकायला येतात. आमच्या मागच्या खोलीला असा एक बारा बाय दहाचा ताणलाय, कडेला डोळे पाडून सुतळीनं लाकडी वाश्यांना बांधला, भिंतीलगत दोन बोटं जागा वाफ जायला सोडली. छापील बाजू वर करायची ठरलेली, पण बांधताना उलटं झालं, त्यामुळं आता झोपलं की वर एक गॉगल घातलेले युवा नेते हात जोडून उभे दिसतात. खोलीत फरक मात्र पहिल्याच रात्री कळला, टपकणं जवळजवळ थांबलं. फ्लेक्स प्लास्टिकचाच असतो, त्यामुळं जिथं चूल, बंब किंवा उघडी ज्योत आहे तिथं अजिबात लावू नका आणि बल्बला चिकटू देऊ नका.

पाचवं, अंथरूण. सगळ्यात जास्त डोकं इथं लावा

लोक पांघरुणावर पांघरूण चढवत राहतात आणि थंडी खालून लागत असते. जमिनीवर झोपत असाल तर आधी पुठ्ठा (फ्रिजचा खोका उघडून टाका, झकास काम करतो), त्यावर चटई, त्यावर सतरंजी, मग गादी. कापसाची गादी दाबून भाकरीसारखी झाली असेल तर नवी घेऊ नका, पिंजून घ्या. कापूस फुलला की त्यात हवा राहते आणि ऊब हवाच धरून ठेवते. ह्याच कारणानं एका जाड ब्लँकेटपेक्षा दोन पातळ चादरी बऱ्या, मधे हवेचा थर राहतो.

घोंगडं असेल तर काढा बाहेर. मेंढीच्या लोकरीचं, सणगरांनी विणलेलं, चिंचोक्याची खळ लावलेलं खरं घोंगडं पहिल्या वर्षी टोचतं आणि पत्र्यासारखं ताठ असतं, म्हणून नवी पिढी नाक मुरडते. त्याला अंगालगत घ्यायचंच नाही, आत सुती चादर आणि वर घोंगडं, मग बघा. वापरून वापरून मऊ पडतं आणि नीट ठेवलं तर वर्षानुवर्षं जातं. सारखं धुवायचं नसतं, ऊन दाखवून झटकलं की बास. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा असते तिथं घोंगडी विकायला येतात. घेताना हातानं चोळून, वास घेऊन घ्या, मिक्स माल लगेच गुळगुळीत लागतो.

आणि रोजचं एक काम, दुपारी पांघरुणं तासभर गच्चीवर नाहीतर गॅलरीच्या कठड्यावर टाका आणि ऊन कलायच्या आत घडी घालून आत आणा. सहा वाजेपर्यंत बाहेर राहिलं तर दव धरतं आणि केलेलं सगळं पाण्यात.

गरम पाण्याची पिशवी घ्यायची तर उकळतं पाणी ओतू नका, दोन भाग भरा, तिसरा भाग मोकळा ठेवून हवा दाबून काढा आणि टॉवेलात गुंडाळून झोपायच्या अर्धा तास आधी पायथ्याला ठेवा. म्हातारी माणसं, शुगरवाले ह्यांना पायाला चटका बसलेला कळत नाही, त्यांची पिशवी अंथरुणात शिरताना काढूनच घ्या. तान्ह्या बाळावर जड पांघरूण नको, तोंडावर तर काहीच नको, अंगात एक जास्तीचं झबलं घालणं बरं.

पाणी तापवणं

ज्यांच्याकडं अजून बंब आहे त्यांनी करवंट्या, शेणी, चिपाडं आत्तापासून वाळवून ठेवावीत आणि बंब अंगणातच पेटवावा. रॉडवाल्यांसाठी हिशोब सांगतो, 20 लिटरची बादली कोमट-गरम व्हायला साधारण अर्धा-पाऊण युनिट लागतं, बादलीवर ताट झाकलं तर अजून कमी. आधी रॉड पाण्यात, मग स्विच, आणि हात घालायच्या आधी स्विच बंद करून प्लगसुद्धा काढायचा, ह्यात चालतंय-की चालत नाही. गॅस गिझर बाथरूममध्ये असेल तर खिडकी उघडी पाहिजेच, त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ना वास ना रंग, माणूस आंघोळ करता करता पडतो.

तेच शेगडीचं. लहानपणी आम्ही गावाकडं एकदा घमेल्यात निखारे घेऊन खोलीत ठेवले आणि दार लावून झोपलो, सकाळी सगळ्यांची डोकी ठणकत होती, दोघांना उलट्या, आजी म्हणाली दृष्ट लागली आणि मीठ-मोहऱ्या उतरवल्या. दृष्ट नव्हती, वाचलो होतो आम्ही. कोळसा, लाकूड, शेणी काहीही असो, शेकोटी दाराबाहेर. शेकून झालं की पाणी मारून आत यायचं.

आणि हिटर?

1000 वॅटचा हिटर तासाला एक युनिट खातो. रात्री सहा तास लावला तर महिन्याला 180 युनिट, आणि ती तुमच्या नेहमीच्या युनिटांवर चढतात त्यामुळं 100 च्या नाहीतर 300 च्या वरच्या स्लॅबमध्ये दर अजून चढा लागतो. घरात आजारी किंवा फार वयस्कर माणूस असेल तर पहाटे तासभर लावा, पांघरुणापासून तीन फूट लांब ठेवा, एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका. बाकीच्यांनी त्या पैशात सगळ्यांना एकेक थर्मल आणि कानटोपी घ्यावी. बाजरीची भाकरी, तीळ, गूळ, डिंकाचे लाडू हे सांगायला मी कशाला पाहिजे, ते आपण तसंही खातोच. फक्त थंडी घालवायला म्हणून दारू पिणाऱ्यांसाठी, तिनं गरम वाटतं पण कातडीकडं रक्त वाढून अंगातली उष्णता उलट बाहेर जाते.

फेब्रुवारी संपता संपता फोमच्या पट्ट्या काढून टाका, उन्हात त्या वितळल्यासारख्या चिकटून बसतात. घोंगडं कडक ऊन दाखवून कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ट्रंकेत. पत्र्याखालचा फ्लेक्स तेवढा काढू नका, एप्रिल-मेमध्ये वरची धग तोच अडवतो. आमचे युवा नेते त्यामुळं आता बारा महिने हात जोडूनच आहेत.