लांब पल्ल्याची रायफल घेण्याआधी

रायफल पसंत करण्याआधी तिचं काडतूस तुम्हाला मिळणार आहे का, ते विचारा. नळी, दुर्बीण, किंमत सगळं नंतर. मागच्या खेपेला मी एवढंच सोडून बाकी सगळं तपासलं होतं आणि चांगली रायफल काडतुसांवाचून कपाटात पडून राहिली.

शिकारीच्या विचाराने कुणी वाचत असेल तर ते डोक्यातून काढून टाका. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. साताऱ्यात पाटण-जावळीकडे रानडुकरं उभं पीक लोळवतात, शेतकऱ्याचं नुकसान खरंच मोठं आहे, पण त्यासाठी वनखात्याची वेगळी लेखी परवानगी लागते. हत्याराचा परवाना म्हणजे ती परवानगी नव्हे. कोयना आणि चांदोलीची जंगलं तर 2010 पासून व्याघ्र प्रकल्पात आहेत. शिकारी बनावटीची रायफल घ्यायची असेल तर ती रेंजवर, कागदी टार्गेटसाठीच.

परवान्याचे अर्ज-फॉर्म तुम्हाला माहीत असतील. दोन गोष्टी मात्र बघाच. 2019 च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात, म्हणजे आजोबांची बारा बोअरची छऱ्याची बंदूक तुमच्या नावावर झाली असेल तर एकच जागा उरली. दुसरं, परवान्यावर काडतुसांचा आकडा असतो: एका वेळी किती, वर्षाला किती. तो आकडा रायफल घ्यायच्या आधी वाचा. सरावाला तो पुरणार नसेल तर आधी तो वाढवायचा अर्ज करा. पैसे मोजून झाल्यावर हे कळून काही उपयोग नाही.

आता बोअर, म्हणजे नळीचं माप; पुढचे आकडे इंचात आहेत. .303 सारखे लष्करी बोअर नागरिकाला मिळत नाहीत, त्यावर वेळ घालवू नका. .315 आपल्याकडे जुनी आणि ओळखीची. इशापूरच्या सरकारी कारखान्याची रायफल, जुन्या काडतुसांवर खडकी कारखान्याचा केएफ शिक्का. पण तिची गोळी जड आणि बोथट नाकाची, जवळच्या पल्ल्यासाठीची. लांब गेली की वेग पटकन गमावते आणि झपाट्याने खाली येते. .30-06 पल्ल्याला तिच्यापेक्षा कितीतरी सरस. मग घ्यावी का? काडतूस विचारलंत का? दुकानदार ‘येईल, मागवू’ म्हणाला तर ते मिळत नाही असंच धरा. आज खोकं समोर ठेवतो का, पुढच्या वर्षी देऊ शकेल का, दर काय, हे विचारा, आणि एका नव्हे, दोन-तीन दुकानांत विचारा.

माझं मत विचाराल तर पहिली रायफल .22 घ्या. लोक तिला पोरांची म्हणतात, ते चूक आहे. 50 मीटरवर शून्य केलेली, म्हणजे तिथे नेम धरू तिथेच लागेल अशी जुळवलेली .22 शंभर मीटरवर जवळपास वीतभर खाली मारते, आणि ताशी दहा किलोमीटरचा आडवा वारा तिथे गोळी चार बोटं सरकवतो. वारा वाचायला शिकवणारं याहून चांगलं हत्यार नाही, आणि वारा आपल्याकडे भरपूर आहे, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या बघा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळवलं ते 50 मीटरच्या .22 रायफलीवरच.

इथेही काडतूसच. जास्त वेगाचं घेऊ नका. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 340 मीटर. त्याच्या वर सुटलेली .22 ची गोळी वाटेत त्या वेगाखाली येते, डळमळते, आणि वाऱ्याने उलट जास्त ढळते. सुरुवातीपासून त्या वेगाखाली राहणारं स्टँडर्ड किंवा मॅचचं, म्हणजे स्पर्धेचं काडतूस घ्या. त्यातही एकाच कंपनीचे दोन लॉट, म्हणजे वेगवेगळ्या वेळी बनलेल्या खेपा, एकाच नळीतून वेगळे मारतात. दोन-तीन लॉटची थोडी थोडी काडतुसं घ्या, 50 मीटरवर टेकू लावून दहा-दहा गोळ्यांचे गट मारा, ज्याचा गट सर्वात आवळ येईल त्याच लॉटची परवान्यात बसतील तेवढी उचला. उद्यावर टाकू नका, लॉट संपतो.

दुर्बिणीला पॅरॅलॅक्स, म्हणजे डोकं हलल्यावर नेमाची खूण टार्गेटवर सरकणं, जुळवायची सोय हवीच. शिकारी दुर्बिणी बहुधा शंभर यार्डांवर पक्क्या केलेल्या असतात, 50 मीटरवर डोकं जरा हललं की खूणही हलते. नेम सरकवायच्या चकतीची पाव मिनिटाची (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक शंभर मीटरवर सात मिलिमीटर. मोठ्या पॉवरच्या नादी लागू नका, उन्हाळ्यात दुपारी फक्त थरथरती हवा मोठी दिसते. दस्ता खांद्याला लावून डोळे मिटा, गाल टेकवा, मग उघडा. चित्र पूर्ण दिसलं नाही तर गालाची उंची चुकली आहे. चाप बोटाला स्वच्छ तुटला पाहिजे, म्हणजे न घासटता एकदम सुटला पाहिजे, पण .22 काडतुसाशिवाय रिकामी मारून बघू नका, आतली पिन चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या कडेवर आपटते.

बाकी भराभर: दुर्बीण बसवायच्या माउंटचे स्क्रू, क्लीनिंग रॉड, कानाला मफ, कुलपाचं लोखंडी कपाट. परवान्यावर नोंद लगेच. काडतुसांच्या खरेदीची प्रत्येक पावती एका फायलीत, लॉट नंबरसकट. निवडणुकीत हत्यार ठाण्यात जमा करायची नोटीस येऊ शकते, तेव्हा देताना नंबर लिहिलेली पोच घ्या आणि परत घेताना नळीत डोकावून बघा.