व्हेनिस कमी खर्चात: या चुका टाळा

व्हेनिसला निघालेले बहुतेक लोक विमानाच्या तिकिटात आणि हॉटेलात जितकं वाचवता येईल तितकं वाचवतात आणि बाकीचं ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून सोडून देतात. घोळ तिथेच होतो. या शहरात रिक्षा नाही, गल्लीत शिरणारी बस नाही, आणि टॅक्सी म्हणजे मोटरबोट. विमानतळावरून तिनं यायचं तर शंभर युरोच्या वर मोजायची तयारी हवी. तुम्ही कुठे उतरता आणि पाण्यावरून किती वेळा जाता, यावरच इथला बराचसा खर्च ठरतो. खाली दिलेले दर अलीकडचे आहेत, पण ते वाढत असतात. निघण्याआधी एकदा तपासा.

हॉटेल ‘व्हेनिस’मध्येच, पण व्हेनिस दिसत नाही

बुकिंगच्या साइटवर ‘व्हेनिस’ लिहिलं म्हणजे हॉटेल जुन्या शहराच्या बेटावर असतंच असं नाही. मेस्त्रे आणि मार्गेरा ही मुख्य भूमीवरची उपनगरंही व्हेनिस नगरपालिकेतच येतात. मेस्त्रे स्टेशनच्या अगदी जवळ राहिलात तर चांगलीच सोय होते. बेटावरच्या सांता लुचिया स्टेशनला रेल्वेनं दहा-बारा मिनिटं लागतात आणि तिकीट दोन युरोच्याही आत असतं. खरी चूक स्टेशनपासून लांबचं, बसवर अवलंबून असलेलं हॉटेल घेण्यात आहे. तिथे राहणाऱ्यांचं लक्ष संध्याकाळी शहराकडे कमी आणि घड्याळाकडे जास्त असतं.

मुक्काम दोनच रात्रींचा असेल तर मी बेटावर राहायला सांगेन. दिवसाची गर्दी संध्याकाळी परत जाते आणि त्यानंतर गल्ल्यांतून फिरण्याचे पैसे पडत नाहीत. सान मार्को या मुख्य चौकाच्या आसपास शोधू नका. कान्नारेज्जो विभागाचा उत्तरेकडचा भाग किंवा कास्तेल्लो विभागाचं पूर्वेकडचं टोक पाहा. जुदेक्का बेटावर खोली स्वस्त मिळाली तरी तिथे जायला-यायला प्रत्येक वेळी बोट लागते, तेव्हा तो खर्चही धरा.

रेल्वेचं तिकीट काढताना स्टेशनचं नाव नीट वाचा. ‘व्हेनेत्सिया मेस्त्रे’ आणि ‘व्हेनेत्सिया सांता लुचिया’ ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. मेस्त्रेला ‘व्हेनेत्सिया’ ऐकून उतरून पडणारे पुष्कळ असतात. त्यांनी घाबरू नये, पुढची गाडी लगेच मिळते.

स्वस्त विमान कंपन्यांची बरीच उड्डाणं शहराजवळच्या मार्को पोलो विमानतळावर न उतरता त्रेव्हिझोला उतरतात. तिथून बसचे पैसे, लागणारा वेळ आणि बॅगेचं वेगळं शुल्क धरलं तर कधीकधी चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो. मार्को पोलोहून मात्र पियात्साले रोमापर्यंत बस आहे, तिकीट दहा युरोच्या आसपास. बस याच चौकापर्यंत येतात. पुढे पाय नाहीतर बोट.

घर सापडत नाही, आणि हातात मोठी बॅग

व्हेनिसमध्ये घरांचे क्रमांक रस्त्याप्रमाणे नसून सहा विभागांप्रमाणे आहेत. एकेका विभागात क्रमांक काही हजारांपर्यंत जातात, आणि एकाच नावाची गल्ली शहरात अनेक ठिकाणी असते. नुसता ‘कास्तेल्लो’ आणि चार आकडी क्रमांक घेऊन काही सापडायचं नाही. त्यात अरुंद गल्लीत मोबाइलचा नकाशाही गोंधळतो. घरमालकाला आधीच तीन गोष्टी विचारून ठेवा: जवळचा बोटीचा थांबा कोणता, जवळचा चौक कोणता, आणि थांब्यापासून घरापर्यंत पूल किती. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. शहरात चारशेहून जास्त पूल आहेत आणि जवळजवळ सगळ्यांना पायऱ्या आहेत. आई-बाबा बरोबर असतील तर पूल मोजूनच हॉटेल ठरवा.

रस्ता चुकलातच तर भिंतींवरच्या पिवळ्या पाट्या बघा. रिआल्तोचा प्रसिद्ध पूल, सान मार्को आणि रेल्वे स्टेशनचे बाण त्यांवर असतात.

बोटीच्या तिकिटात पैसे जातात

वापोरेत्तो म्हणजे इथली सार्वजनिक बोट. एका फेरीचं तिकीट ९.५० युरो, ७५ मिनिटं चालतं. चोवीस तासांचा पास २५ युरो, बहात्तर तासांचा ४५. लोक दोन टोकांच्या चुका करतात. काही जण प्रत्येक वेळी सुटं तिकीट काढतात, काही जण स्टेशनबाहेर पडल्या पडल्या सगळ्यांसाठी तीन दिवसांचे पास घेतात आणि मग चालतच फिरतात. स्टेशनपासून रिआल्तोपर्यंत पायी वीस-पंचवीस मिनिटं लागतात, सान मार्कोपर्यंत साधारण पाऊण तास. हे चालणं म्हणजेच व्हेनिस बघणं.

मग करायचं काय? बोटीची सगळी कामं एका चोवीस तासांत कोंबा. पास विकत घेतल्यापासून नाही, पहिल्यांदा यंत्रावर टेकवल्यापासून मोजला जातो. म्हणून सकाळी दहाला सुरू करा आणि मुरानो, बुरानो, तोर्चेल्लो ही बेटं करून या. फोंदामेंते नोव्हे या थांब्यावरून बारा नंबरची बोट बुरानोला पाऊण तासात नेते. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठून, पास संपायच्या आत, एक नंबरच्या बोटीनं अख्खा ग्रँड कॅनाल, म्हणजे शहरातला मुख्य कालवा, बघा. ही बोट प्रत्येक थांब्यावर थांबते, म्हणूनच ती घ्यायची. एरवी लोक ज्या वेळेला नाष्टा करत असतात तेव्हा पुढची जागाही मिळते. बाकीचे दिवस चाला. वय ६ ते २९ असेल तर ६ युरोंचं ‘रोलिंग व्हेनिस’ कार्ड काढून तीन दिवसांचा पास २७ युरोंत मिळतो. अशा वेळी माझं वरचं गणित विसरा आणि तो घ्या.

हाच पास मेस्त्रेच्या बस-ट्रामवर चालतो, पण विमानतळाच्या बोटीवर चालत नाही. पास खिशात आहे म्हणून यंत्रावर टेकवायचा राहिला, तर तपासनीस दंड करतो आणि ‘माहीत नव्हतं’ हे कारण त्याला रोजच ऐकायला मिळतं.

गोंडोलाचा अधिकृत दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०. हा दर बोटीचा आहे, माणशी नव्हे. चौघांत वाटला तर परवडू शकतो. नुसतं बसून बघायचं असेल तर त्रागेत्तो शोधा. ग्रँड कॅनालच्या या तीरावरून त्या तीरावर नेणारी साधी गोंडोला, दोन युरो. दोन-तीन मिनिटांत संपते, पण फोटो तोच येतो.

प्रवेश शुल्काचा घोळ

२५ एप्रिल २०२४ पासून काही ठराविक दिवशी सकाळी ८.३० ते दुपारी ४ पर्यंत बेटावर येणाऱ्या एक दिवसाच्या पर्यटकांना शुल्क आहे. आधी भरलं तर ५ युरो, ऐनवेळी भरलं तर १०. चारनंतर आलात तर काही नाही. नगरपालिकेच्या हद्दीत, म्हणजे मेस्त्रेतसुद्धा, रात्री राहणाऱ्यांना माफी आहे, पण ती आपोआप मिळत नाही. वेबसाइटवर नोंद करून क्यूआर कोड घ्यावा लागतो. शेजारच्या पादुआ शहरात हॉटेल घेऊन येणाऱ्या पर्यटकांना माफी नाही.

जेवणाचं बिल फुगतं

बसून जेवलात की माणशी दोन-चार युरो ‘कोपेर्तो’, म्हणजे टेबलाचं शुल्क, लागतो. ती फसवणूक नाही, मेनूवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. माशाचा दर मात्र नीट बघा. तो अनेकदा शंभर ग्रॅमचा असतो आणि मासा येतो अख्खा. कॉफी काउंटरपाशी उभ्यानं प्या. सान मार्को चौकात १७२० पासून चालू असलेल्या फ्लोरियानमध्ये बसलात तर कॉफीबरोबर वाद्यवृंदाचेही पैसे द्यावे लागतात. हौस असेल तर जरूर बसा, फक्त दर माहीत असू द्या.

दुपारसाठी ‘बाकारो’ म्हणजे छोटे वाइन बार बरे, तिथे ब्रेडवर छोटे छोटे चिकेत्ती मिळतात. शाकाहारी मंडळींनी विचारूनच उचलावं, कारण पांढरं मऊ दिसणारं ते बहुधा सुक्या कॉड माशाचं असतं. उलट, पिझ्झा मारिनारा नाव ऐकून टाळू नका. त्यात टोमॅटो, लसूण, ओरेगानो एवढंच असतं, मासा नाही. पाण्याची बाटली विकत घ्यायची गरज नाही. चौकाचौकातल्या नळांचं पाणी पिण्याचं आहे.

घरून फराळ न्यायचा तर चिवडा, बाकरवडी, चटण्या न्या. पेढे, बर्फी, तूप नको. युरोपीय संघात बाहेरून प्रवाशांनी दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. हापूसची पेटीही कस्टमवाले ठेवून घेतील.

आणि हो, हा फराळ सान मार्कोच्या पायऱ्यांवर उघडू नका. तिथे बसून खाण्यावर दंड आहे, कबुतरांना दाणे टाकण्यावरही. बाक शोधा किंवा पूर्वेकडच्या जार्दिनी बागेत जा.

पाणी आलं तर

हिवाळ्यात, सणांचे दिवस सोडले तर, हॉटेलं स्वस्त असतात, पण भरतीचं पाणी चढण्याचे दिवसही साधारण तेच. २०२० पासून खाडी समुद्राला मिळते तिथे मोझे नावाचे पाणी अडवणारे दरवाजे उचलले जातात, भरती साधारण ११० सेंटिमीटरची असेल असा अंदाज असला की. सान मार्को चौक त्याहून बराच कमी पाण्यात भिजतो. अशा वेळी बुटांची पर्वा न करता चौक ओलांडायची घाई करू नका. भरती काही तासांत ओसरते. तोवर शहराच्या उंच भागात फिरा आणि पाणी ओसरलं की परत या.