सात पानं इस्पिक, बाकी सुकाळ नाही? एकदाच बोला

कापसाचा हंगाम आटोपला की आमच्याकडे ओसरीवर ब्रिज (चौघांनी दोन जोड्यांत खेळायचा पत्त्यांचा खेळ) बसतो. फसगत ठरलेली: इस्पिकची सात पानं, बाकी कोरडं. गडी आधी पास करतो, मग चारच्या बोलीत भीत भीत घुसतो अन् डबल (समोरच्यांनी दंड वाढवणं) खातो.

१. ६ ते १० पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) अन् इस्पिकची वरची पानं दमदार असतील तर सुरुवातीलाच थेट ‘तीन इस्पिक’. समोरच्यांना बोलायला जागाच उरत नाही.
२. त्याआधी स्वतःच्या पानांवर किती हात (चार पानांची एक फेरी जिंकली की एक हात) होतील ते मोजा. तीनच्या बोलीला नऊ लागतात. व्हल्नरेबल (दंड अन् बक्षीस दोन्ही जास्त, अशी पाळी) असाल तर स्वतःकडे सात, नसाल तर सहा हवेत. नॉन-व्हल्नरेबल असताना डबलमध्ये तीन हात कमी पडले तर ५०० गुण जातात. पण समोरच्यांचा व्हल्नरेबल ‘चार बदाम’ ६२० चा असतो, म्हणजे सौदा स्वस्तच.
३. मग गप्प. पार्टनरनं विचारल्याशिवाय दुसरी बोली नाही. (हेच कोणाला जमत नाही.)

बाजूला बदामाची चार पानं असतील तर मात्र हा डाव टाळा.