पाणी गेटमधून येत नाही : पावसाळ्याआधी या चुका टाळा

मे महिना निम्मा सरला की फोन सुरू होतात. "साहेब, एखादा चांगला पंप सुचवा ना." आमच्याकडे पाणी नक्की कुठून येतं, हे आजवर एकानेही आधी विचारलेलं नाही. पंप घ्यायला एक दुपार पुरते. पाणी कुठून येतं ते कळायला एखादा पावसाळा छत्री घेऊन कंपाउंडमध्ये उभं राहावं लागतं, आणि तेवढा धीर कुणात नसतो.

माझी पंचवीसेक वर्षं ड्रेनेजच्या लाइनी टाकण्यात आणि दुसऱ्यांनी टाकलेल्या उकरण्यात गेली. राहतो मुंबईत कलिन्याला, मिठी नदीपासून दहा मिनिटांवर. ही नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून निघते आणि विमानतळाखालून, कुर्ला-कलिन्याला वळसा घालून माहीमच्या खाडीला मिळते. सगळी मिळून अठराएक किलोमीटर. एवढ्याशा नदीच्या काठी मी ज्या चुका पुन्हा पुन्हा बघितल्या, त्या इथे लिहितो आहे.

भिंत उंच केली, झालं काम

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मिठीकाठच्या एका सोसायटीने (नाव सांगत नाही, अध्यक्ष अजून मला लग्नाकार्याला बोलावतात) कंपाउंडची भिंत तीन फूट उंच केली. गेटला खाचा पाडून त्यात बसणारा लोखंडी पाट करून घेतला, कडेने रबर लावलं. मला बोलावलं ते काम झाल्यावर, बघायला. मी विचारलं, "ड्रेनेजच्या लाइनीवरचे झाकणाचे खड्डे, म्हणजे चेंबर, किती आहेत?" सेक्रेटरी म्हणाले, "होते तीन-चार. सुशोभीकरणात पेव्हर ब्लॉकखाली गेले. आता छान दिसतं."

1 जुलै 2019 ची रात्र. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या 24 तासांत 375 मि.मी. पाऊस नोंदला गेला. साडेदहाला पाट बसवला, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला, अंगठ्यांचा पाऊस पडला. तासाभराने वॉचमनचा फोन, "साहेब, बाहेर गुडघाभर आहे. आत पण आहे." मी पोचलो तेव्हा बागेच्या कोपऱ्यातले पेव्हर ब्लॉक भाजायला टाकलेल्या पापडासारखे फुगून वर आले होते आणि मधून काळं पाणी उकळत होतं. तोच तो झाकलेला चेंबर. सोसायटीची लाइन रस्त्याच्या गटारात जाते, गटार नाल्यात, नाला मिठीत. मिठी तुडुंब आणि त्यात अमावास्येची भरती, म्हणजे उलटा प्रवास सुरू. पाण्याला गेटची गरजच नव्हती.

खरी गंमत पहाटे झाली. ओहोटी लागली, रस्ता उतरला, आतलं पाणी मात्र हटेना. फुगलेल्या ब्लॉकांखालची सगळी माती त्याच चेंबरमध्ये जाऊन बसली होती, आणि बाकीच्या वाटा त्या तीन फुटी भिंतीने बुजवल्या होत्या. आतल्या पाण्याच्या दाबाने पाटही खाचेत असा आवळला होता की पहारीने उचकटावा लागला. मीटरच्या खोलीत पाणी, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी. दोन दिवस लिफ्ट नाही आणि पंप बंद म्हणून नळालाही पाणी नाही. पाचव्या मजल्यावरच्या काकू बादली घेऊन जिन्यात बसल्या आणि अध्यक्षांना जे काही बोलल्या, ते इथे छापण्यासारखं नाही.

मग करायचं काय? माझी पद्धत अशी. आधी सगळे चेंबर शोधायचे, पेव्हर ब्लॉक उचलावे लागले तरी. होळीला उरलेला रंग मी याच कामासाठी जपून ठेवतो. एका चेंबरमध्ये रंग घालून दोन बादल्या पाणी ओतायचं आणि तो कुठे निघतो ते बघायचं. एका सोसायटीत आम्ही ओतलेला गुलाबी रंग शेजारच्या इमारतीच्या अंगणात निघाला. दोन्ही कमिट्या वीस वर्षं एकमेकींवर कचरा टाकल्याचा आरोप करत होत्या, लाइन मात्र एकच होती.

रस्त्याला मिळण्याआधीच्या शेवटच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवायचा, म्हणजे एकाच बाजूला उघडणारी झडप. आणि इथेच उतावळे लोक थांबतात. झडप बंद झाली की बाहेरचं पाणी येत नाही, तसं तुमचंही बाहेर जात नाही. दोन हजार चौरस मीटरचा प्लॉट धरा. एका चौरस मीटरवर एक मि.मी. पाऊस म्हणजे एक लिटर. तासाला 50 मि.मी. पडला तर एक लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर, तुमच्याच अंगणात आणि तुमच्याच भिंतीच्या आत. ते साठवायला सखल कोपऱ्यात खड्डा लागतो आणि भिंतीवरून बाहेर फेकायला पंप. पंपाचा प्रश्न इथे येतो, फोनच्या पहिल्या वाक्यात नाही. दुकानदार हॉर्सपॉवर सांगेल. आपण विचारायचं, एवढ्या उंचीवर मिनिटाला लिटर किती? मी एका मोठ्या पंपापेक्षा दोन लहान घ्यायला सांगतो. त्यातला एक डिझेलवरचा, कारण सगळ्यात आधी वीज जाते.

झडपेवर विसंबूनही राहू नका. दुधाची एक पिशवी अडकली की ती अर्धवट उघडी राहते. पावसाळ्यात दर रविवारी झाकण उघडून हात घालून बघायची माझी सवय आहे. घाण वाटते, पण तळमजल्यावरच्यांच्या सोफ्याखाली जे पाणी येतं त्यापेक्षा कमी.

मलवाहिनी वेगळी असते आणि तीही तशीच उलटी वाहते. तळमजल्यावर नहाणी ट्रॅप (न्हाणीतलं पाणी जायचं जाळीचं भोक) आणि कमोड यांसाठी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या रेतीच्या पिशव्या तयार ठेवा. दिसायला गावठी उपाय आहे, पण मी स्वतःच्या घरात वापरला आहे.

"आज किती मि.मी. पडला?"

हा आकडा दिवसाचा असतो आणि गटार तासावर चालतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मि.मी. पडला. त्याला 24 ने भागा, तासाला 39 येतात. आपली जुनी गटारं तासाला 25 मि.मी. धरून बांधलेली. मुंबईच्या पावसाळी गटारांवरच्या 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ती 50 वर न्यायला सांगितलं, आणि त्या कामाला खरा वेग आला तो 2005 नंतर. म्हणजे सरासरीवर गेलात तर वाढवलेल्या गटारांत 26 जुलैही आरामात मावतो! प्रत्यक्षात त्यातला बहुतेक पाऊस दुपारी दोननंतरच्या काही तासांत कोसळला, आणि चारच्या सुमारास साडेचार मीटरच्या आसपासची भरती होती. एका नामांकित सल्लागाराच्या सादरीकरणात मी दिवसाची सरासरी घेऊन काढलेला पाइपचा व्यास पाहिला आहे. स्लाइड मात्र सुंदर होत्या.

त्या दिवशी मी फोर्टात होतो. खिडकीबाहेर साधा पाऊस, सहकाऱ्याने भजी मागवलेली. कुलाब्याला त्या 24 तासांत जेमतेम 73 मि.मी. पडला. घरचा फोन लागत नव्हता, तरी मला वाटलं नेहमीसारखी लाइन बिघडली असेल. सायन ओलांडून पाण्यात पाय घालेपर्यंत काय झालंय याचा अंदाज नव्हता. तेव्हापासून स्वतःच्या खिडकीवर मी विश्वास ठेवत नाही. एकाच शहरात सांताक्रूझ आणि कुलाबा ही दोन वेगळी गावं आहेत. मिठीकाठच्याने आणखी वर, विहार-पवईकडे काय चाललंय ते बघावं. तलाव भरून वाहायला लागले की ते पाणी आपल्याच दाराशी येणार असतं.

भरतीचं तर विचारूच नका. समुद्रात उघडणारी आपल्या नाल्यांची बरीचशी तोंडं भरतीच्या पातळीखाली आहेत. भरती असताना 60 मि.मी. आणि ओहोटीला 60 मि.मी. हे दोन वेगळे पाऊस. साडेचार मीटरवरच्या भरतीच्या दिवसांची यादी महापालिका दर वर्षी पावसाळ्याआधी जाहीर करते. ती छापून लिफ्टशेजारी लावा, ग्रुपवर टाकलेली सुप्रभातांच्या खाली गाडली जाते.

यादी हाताशी नसेल तर माहीमच्या कोळीवाड्यातल्या एका आजींनी शिकवलेला हिशेब सांगतो. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची सव्वाअकरा येते, प्रत्यक्षात बाराच्या जवळपास असते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तरी कालनिर्णय भिंतीवर आहे तोवर इंटरनेट गेलं म्हणून अडत नाही. त्या 2 जुलै 2019 ला अमावास्या होती. रात्री बाराच्या आसपास चेंबर उकळणार हे भिंतीवर छापलेलंच होतं.

आठवणीतली पातळी

2005 ला पाणी कुठवर आलं होतं, असं विचारलं की एक जण कमरेला हात लावतो, दुसरा छातीला. तिसरा तेव्हा ठाण्याला राहत होता, पण तोही खांद्याला लावतो. दर वर्षी आठवणीतलं पाणी चढतं. मी तळमजल्यावरच्या जुन्या घरात जाऊन गोदरेजचं कपाट बघतो. तेव्हापासून तेच कपाट असेल तर गंजाची आडवी रेघ असते, कितीही रंग मारला तरी हाताला लागते. जमिनीपासून ती मोजायची, जिन्याच्या भिंतीवर ऑइल पेंटने रेघ मारायची आणि तारीख घालायची. वीज मीटर, पंपाचं पॅनल, इंटरकॉम, सीसीटीव्हीचा डबा हे सगळं त्या रेघेच्या फूटभर तरी वर. मीटर आपल्या हाताने हलवायचे नाहीत, वीज कंपनीला अर्ज करायचा. त्याला वेळ लागतो, म्हणून तो दिवाळीनंतर करायचा असतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात मला विचारून उपयोग नाही.

थोडक्यात आटपण्यासारख्या चुका

जूनची वाट बघणं. 2025 ला मोसमी पाऊस मुंबईत 26 मे रोजीच दाखल झाला, तेव्हा कित्येक सोसायट्यांच्या गच्चीवर डांबराचं काम अर्धवट होतं.

पाणी लवकर उतरावं म्हणून मॅनहोलचं झाकण उघडणं. ऑगस्ट 2017 च्या पुरात शहरातले एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. झाकणाला हात लावायचा नाही, महापालिकेच्या 1916 ला फोन करायचा.

बुडालेली गाडी "चालू होते का बघू" म्हणून स्टार्टर मारणं. इंजिन तिथेच संपतं, आणि विम्याच्या साध्या पॉलिसीत हा खर्च बहुधा बसत नाही. टो करा.

पूर ओसरल्यावर खालच्या टाकीचं पाणी वर चढवणं. आधी टाकी उपसा, धुवा, क्लोरीन घाला. वास येत नाही म्हणजे पाणी चांगलं, असं नसतं.

पायाला जखम असताना पाण्यातून चालणं आणि मग "काही होत नाही" म्हणणं. लेप्टोच्या (पुराच्या घाण पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) प्रतिबंधक गोळ्यांसाठी 72 तासांच्या आत डॉक्टरांकडे जा.

नाल्यातून काढलेला गाळ नाल्याच्याच काठावर रचणं. याबद्दल लिहायला लागलो तर थांबणार नाही, म्हणून इथेच सोडतो.

शेजाऱ्याचा प्लॉट विसरणं

तुमची व्यवस्था दहा वर्षांपूर्वी चोख होती आणि यंदा पाणी आलं, तर आधी कुंपणापलीकडे बघा. पुनर्विकासात शेजारची चाळ गेली, टॉवर आला, भरणी करून प्लॉट तीन फूट वर गेला. रस्त्याचं काँक्रीट झालं, तोही वीतभर चढला. तुम्ही होतात तिथेच आहात आणि आता सगळ्यांच्या खाली आहात. पूर्वी त्यांच्या अंगणात मुरणारं पाणी तुमच्याकडे उतरतं. हे बिल्डरचं काम सुरू असताना लेखी मांडावं लागतं, जोत्याची आणि गटाराच्या तळाची पातळी कागदावर मागून. ताबा दिल्यावर भांडायला गेलात तर समोर फक्त वॉचमन भेटतो. आणि तुमचा स्वतःचा पुनर्विकास होत असेल तर हाच प्रश्न उलटा करून स्वतःला विचारा. आजवर एकाच कमिटीने विचारलेला पाहिला.

सराव न करणं

व्हॉल्व्ह, पंप, पाट असं सगळं असतं, पण ते चालवायचं कोणी? मागे एका सोसायटीत मेच्या एका रविवारी रात्री मी मुद्दाम मेन स्विच पाडायला लावला आणि म्हटलं, "समजा, आत्ता पाणी चढतंय. पंप सुरू करा." वॉचमन नवीन, त्याला खोली माहीत नव्हती. खोली सापडली तर कुलूप. किल्ली सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी पुण्याला मुंजीला. दुसरी किल्ली माजी सेक्रेटरींकडे होती, त्यांचं आताच्या कमिटीशी बोलणं नाही. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलाने हातोडीने कुलूप तोडलं, मोबाइलच्या उजेडात. पंप सुरू व्हायला चाळीस मिनिटं लागली, तीही पाऊस नसताना.

आता तिथे कुलूप नाही, नुसती कडी आहे. डिझेलचा कॅन वॉचमनच्या केबिनमागे, आणि कडीच्या वर खडूने लिहिलंय : आधी झडप बघा, मग पंप.