सेल्फ कण्हतोय? आधी अर्थिंग बघा

खाऱ्या हवेत उभ्या असलेल्या जुन्या ट्रकचा सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) सकाळी कण्हायला लागला की आपल्याकडे थेट नवी बॅटरी आणतात. मीही आणली होती, पैसे पाण्यात.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर दोष अर्थिंगच्या, म्हणजे इंजिन-चासीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परतण्याच्या, वाटेत आहे. निगेटिव्ह केबल आधी सोडा, मग चासीवरचा अर्थिंगचा बोल्ट. त्या बोल्टने धरलेल्या अर्थिंगच्या पट्टीखाली गंज, नाहीतर हिरवट-पांढरी भुकटी सापडेल. पॉलिश पेपरने धातू चकचकीत करा, बोल्ट घट्ट आवळा, ग्रीस मागाहून वरून फासा. आमच्याकडे हे काम मिरगाच्या आधी एकदा आणि गणपती गेल्यावर एकदा.